भांगातली पांढरी रेघ आणि डिसेंबरातले लग्न

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातील एका सहकारी बँकेत शाखाधिकारी असलेल्या ५३ वर्षांच्या भगिनी एकतिसाव्या वर्षापासून केस रंगवत आहेत. पूर्वी दोन महिन्यांतून एकदा भागत असे. आता दहाव्या दिवशीच भांगात पांढरी रेघ दिसू लागते, म्हणून दर पंधरा दिवसांनी रविवारची सकाळ त्यात जाते. गेल्या तीन वेळा रंग लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी कानामागे आणि कपाळाच्या कडेला खाज सुटली; शेवटच्या वेळी पापण्याही सुजल्या. पार्लरमधून त्यांना अमोनिया नसलेला रंग वापरून पाहण्याचा सल्ला मिळाला आहे. रंगवणे थांबवावे असे त्यांच्या मनात आहे, परंतु सात महिन्यांनी, डिसेंबरात, मुलीचे लग्न आहे. मुलगी म्हणते, ‘फोटोत तू माझी आजी दिसशील, लग्न होऊ दे, मग काय ते कर.’ पती स्वतः केस आणि मिशी रंगवतात. त्यांना हा विचार मुळीच पसंत नाही. या भगिनी विचारतात : ‘मधला अर्धा काळा, अर्धा पांढरा काळ लोकांसमोर कसा काढायचा? आणि मी स्वतःकडे लक्ष देणेच सोडून दिले, असा त्याचा अर्थ होणार नाही का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात खाजेला तीन ओळी मिळाल्या आहेत आणि लग्नाला दोन पाने. मी क्रम उलटा करते, कारण पापण्या सुजण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर केस रंगवावेत की नाही या प्रश्नाचा बराचसा निकाल तुमच्या त्वचेने आधीच दिलेला असण्याची शक्यता आहे. काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचे द्रव्य असते. पाकिटावर ते पीपीडी या आद्याक्षरांनीही लिहिलेले आढळते. त्याची ॲलर्जी अनेकांना पहिल्या वापरात होत नाही. वर्षानुवर्षे सुखाने रंग लावणाऱ्या व्यक्तीला ती एके दिवशी सुरू होते, रंग लावल्यावर लगेच न दिसता एक ते तीन दिवसांनी दिसते, आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढचा प्रत्येक वापर अधिक त्रासाचा ठरू शकतो. तुम्हाला तेच झाले आहे, असे पत्रावरून ठरवण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात, ४८ तासांनी आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी ती तपासतात, आणि मग नेमके कशाचे वावडे आहे हे कळते. ती होईपर्यंत कोणताही रंग डोक्याला लावू नका. चेहरा सुजला किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पार्लरचा सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी तो चुकीच्या संशयितावर बोट ठेवतो. अमोनियाचे काम केसाच्या बाहेरील खवल्यांचा थर उघडण्याचे; उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर त्याची. ‘अमोनिया नाही’ असे छापलेल्या रंगांत त्याच्या जागी दुसरे क्षारधर्मी द्रव्य, बहुधा एथनॉलअमाइन, घातलेले असते, परंतु प्रत्यक्ष रंग देणारे पीपीडी किंवा त्याचे भाऊबंद तसेच राहतात. ‘हर्बल’ आणि ‘काळी मेंदी’ या पाकिटांचीही तीच कथा. मेंदीच्या पानाला काळा रंग देता येत नाही. तासाभरात केस कुळकुळीत करणाऱ्या पुडीत पीपीडी किंवा नीळ या वनस्पतीच्या पानांची पूड असते, आणि अनेकदा पीपीडीच असते. आपल्याकडे असे रंग विकताना पाकिटावर त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, असा इशारा छापण्याचे कायद्याने बंधन आहे. तो बारीक अक्षरांत असतो आणि आपण रविवारी सकाळी चष्म्याविना रंग कालवत असतो.

इथे एक उलटी भीतीही बाजूला ठेवू. नातेवाइकांच्या समूहातून ‘रंगामुळे कर्करोग होतो’ असा निरोप तुम्हालाही आला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, स्वतःचे केस रंगवणाऱ्यांच्या बाबतीत तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले होते. रोज दिवसभर हे रंग हाताळणाऱ्या केशकर्तनकारांचा व्यवसाय मात्र ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात ठेवला होता. तेव्हा भीतीपोटी निर्णय घेऊ नका. (पार्लरमधली मुलगी हातमोजे घालते का, हे मात्र पुढच्या वेळी जरूर पाहा.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पत्रभर तुम्ही ‘केस पांढरे करणे’ असे म्हणत आला आहात, जणू ती एक ठरावीक, तुम्हाला ठाऊक असलेली अवस्था आहे. परंतु गेल्या बावीस वर्षांत तुम्ही तुमचे केस पाहिलेलेच नाहीत. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी प्रत्येक केसाच्या मुळाशी वेगवेगळ्या वेळी काम थांबवतात, त्यामुळे पिकणे कधीच सरसकट नसते. बहुतेकांचे कानशिलांचे आणि कपाळावरचे केस आधी पिकतात, मानेवरचे सर्वांत शेवटी. तुम्हाला आरशात भांग आणि कानशिले दिसतात, म्हणजे डोक्याचा सर्वांत पिकलेला भाग. त्यावरून तुम्ही संपूर्ण पांढऱ्या डोक्याची कल्पना केली आहे. प्रत्यक्षात मागची बाजू निम्म्याहून अधिक काळी असू शकते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पुढचे तीन महिने काहीच ठरवू नका, फक्त रंग लावू नका. डॉक्टरांच्या तपासणीसाठी तसेही थांबावे लागणारच आहे. तीन महिन्यांनी दोन बोटे नवे केस आलेले असतील आणि ते करडे, रुपेरी की मीठ-मिऱ्यासारखे आहेत, हे तुम्हाला अंदाजाने नाही तर डोळ्यांनी कळेल.

स्वतःकडे लक्ष देणे सोडल्याचा प्रश्न तुम्ही ज्या शब्दांत विचारला आहे, त्यावरून हा आक्षेप तुमचा स्वतःचा कमी आणि ऐकलेला अधिक वाटतो. रंगवणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. एकतिसाव्या वर्षी, नोकरीत नवे असताना, काउंटरपलीकडचा माणूस आपल्याला ‘मावशी’ म्हणू नये असे वाटणे स्वाभाविक होते आणि त्याचा तुम्हाला उपयोगही झाला असेल. मला अलीकडची ती मंडळीही फारशी पटत नाहीत, जी पांढऱ्या केसांना सत्य आणि रंगवलेल्या केसांना असत्य म्हणतात. त्यांच्यामुळे एक सक्ती जाऊन तिच्या जागी दुसरी येते. तुमच्यापुरता प्रश्न एवढाच आहे की जो खर्च, जो वेळ आणि आता जी खाज या कामी जाते, ती तुम्हाला अजून परवडते का. पत्र वाचून मला वाटते की परवडत नाही आणि ते तुम्हाला माहीत आहे.

मात्र एक गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. पांढऱ्या केसांनी तुम्ही तरुण दिसणार नाही. पहिल्या वर्षात कधीतरी एखादा रिक्षावाला तुम्हाला ‘आजी’ म्हणेल, एसटीत कोणी उठून जागा देईल, आणि संध्याकाळपर्यंत तो शब्द तुमच्या डोक्यात घोळत राहील. नोकरीच्या ठिकाणी याचा त्रास होईल अशी धास्ती तुम्हाला वाटत असेल, तर तीही मी निराधार म्हणणार नाही. कॅनडातील एका राष्ट्रीय वाहिनीच्या मुख्य वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लाम यांनी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केस रंगवणे थांबवले होते. २०२२ मध्ये त्यांचा करार मुदतीपूर्वी संपवण्यात आला, तेव्हा त्याचा केसांशी संबंध असल्याची मोठी चर्चा झाली. कंपनीने तो संबंध नाकारला. परंतु सहकारी बँकेची शाखा म्हणजे कॅमेऱ्यासमोरची नोकरी नव्हे. ठेवीदारांना शाखाधिकारी बाईंचे केस पिकलेले असण्याने अडचण होईल असे मला वाटत नाही. आपल्याकडे तर ठेव ठेवताना माणसे काळ्या केसांपेक्षा पांढऱ्या केसांवर अधिक भिस्त ठेवतात.

मधला काळ कसा काढावा याचे उत्तर बव्हंशी गणितात आहे, आणि ते गणित कात्री उचलण्याआधी मांडावे. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. कोणत्याही तेलाने हा वेग दुप्पट होत नाही. तुमचे केस खांद्याखाली चार बोटे आहेत, म्हणजे टाळूपासून मोजल्यास सुमारे ४५ सेंटिमीटर. एवढी लांबी राखून रंगाचा शेवटचा अंश कापून जाण्यासाठी तीन ते चार वर्षे लागतील. हनुवटीपर्यंतचा बॉब चालत असेल तर साधारण दोन वर्षे. अगदी आखूड, बॉयकटसारखे केस चालत असतील तर सात-आठ महिने. म्हणजे लग्नापर्यंत तुमच्या हाती सात ते नऊ सेंटिमीटर, अंदाजे चार बोटे, नवे केस असतील. काहीही झाले तरी हा आकडा बदलत नाही. बदलता येते ते एवढेच, की उरलेल्या काळ्या लांबीचे काय करायचे.

‘त्यापेक्षा एकदाच सगळे रुपेरी करून टाकते’ असा मोह तुम्हाला होईल आणि मोठ्या शहरांतील सलूनमध्ये तशी छायाचित्रेही दाखवतील. बावीस वर्षे थरावर थर बसलेला काळा रंग नव्या रंगाने निघत नाही, त्यासाठी ब्लीचच लागते. आणि काळा रंग उतरताना आधी विटकरी, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. रुपेरी छटेपर्यंत पोहोचायला अनेक बैठका लागतात, खर्च सहज पाच आकड्यांत जातो आणि तेवढे ब्लीच सोसलेले केस विंचरताना हातात तुटून येतात. त्यापेक्षा सौम्य असा एक मार्ग आहे : फॉइल लावून, डोक्याच्या त्वचेला न चिकटवता, काळ्या भागात मधूनमधून बारीक बटा फिक्या करून घेणे. त्याने रेघ पुसली जात नाही, पण तिची धार जाते. खाज पूर्ण बरी झाल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र हेही नको, कारण ब्लीचनंतर छटा बसवण्यासाठी जो टोनर लावतात त्यात पीपीडीच्या कुळातील द्रव्ये असू शकतात. करणाऱ्याला डबा मागा आणि मागची बाजू वाचा. त्यात संकोच कसला?

मेंदीचा सल्ला तर तुम्हाला निदान दहा जणी देतील. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी-तांबूस बसते, तिचा रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट धरून राहतो आणि सहजासहजी धुऊन निघत नाही. जिला तांबूस केस आवडतात तिने अवश्य लावावी. तुमच्या बाबतीत मात्र काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये तिसरा पट्टा तयार होईल आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल.

सर्वांत अवघड असतात ते पहिले तीन-चार महिने. बोटभर पांढरी मुळे दिसली की लोकांना वाटते, बाईंना रंगवायला वेळ मिळाला नाही. दोन-तीन बोटे दिसली की त्यांना कळते, बाईंनी ठरवून थांबवले आहे. माझ्या मते सगळा संकोच त्या दोन टप्प्यांमधला आहे. या काळात मधला सरळ भांग पाडू नका; तो बाजूला घ्या किंवा नागमोडी ठेवा, म्हणजे रेघ तुटक दिसते. महत्त्वाची बैठक असेल त्या दिवशी मुळांवर दाबून लावायची पावडर मिळते, ती रात्री धुऊन टाकायची असते. तिला रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, तरी तुम्ही घटकांची यादी वाचूनच घ्या. दर सहा-आठ आठवड्यांनी टोके दोन बोटे कापत राहा. केस मोकळे सोडले तर दोन रंग एकदम नजरेत भरतात. बांधले तर काळी टोके अंबाड्यात जातात.

लग्नाचा मार्ग मला याच अंबाड्यात दिसतो. कपाळापासून मागे घेतलेल्या केसांचा पहिला चार बोटांचा भाग रुपेरी, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला आणि समोरून काढलेल्या फोटोला एकसंध रुपेरी डोके दिसेल. मागे उरलेला काळेपणा अंबाड्यात गुंडाळला जाईल, त्याभोवती दुहेरी गजरा. गंगावण वापरायचे असेल तर काळे घेऊ नका; मीठ-मिरी छटेचे मिळते, ते आधी उन्हात धरून केसांशी जुळवून पाहा. आणि या साऱ्याची रंगीत तालीम दिवाळीत घ्या. लग्नाचीच साडी, तेच दागिने, तोच अंबाडा, आणि फोटो मुलीला काढायला सांगा. ती आज ज्या आजीला घाबरते आहे ती तिच्या कल्पनेतली आहे. कदाचित फोटो पाहून तिचे मत बदलेल, कदाचित बदलणार नाही, पण बोलणे निदान एका खऱ्या चित्राबद्दल होईल. साडी निवडताना एवढे ध्यानात ठेवा की काळ्या केसांबरोबर खुलणारे बदामी, फिके पिस्ता, मळकट सोनेरी हे रंग पांढऱ्या केसांबरोबर बहुधा विटके दिसतात. गर्द जांभळा, मोरपंखी, डाळिंबी, राणी हे रंग उठून दिसतात. भुवया फिकट झाल्या असतील तर करड्या-तपकिरी पेन्सिलीने हलक्या हाताने भरा. त्यांना रंग लावायचा नाही, हे वर आलेच आहे.

पतींविषयी मी जपून लिहिते, कारण त्यांची बाजू माझ्यासमोर नाही. परंतु जोडप्यातील दोघेही रंगवत असतील आणि एकाने थांबवले, तर दुसऱ्याचे रंगवणे उघडे पडते. तुमच्या रुपेरी केसांशेजारी त्यांची काळीभोर मिशी पाहून लोक तुमच्या वयाचा हिशेब करणार नाहीत, त्यांच्या करतील. त्यांचा विरोध यातून येत असेल, तर ‘तुम्हीही थांबवा’ म्हणणे किंवा मिशीवरून टोमणा मारणे हा सर्वांत वाईट मार्ग ठरेल. त्यांना पापण्यांची सूज दाखवा, डॉक्टरांकडे सोबत न्या, आणि त्यांचे केस हा त्यांचा प्रश्न आहे, असे आपणहून सांगून टाका. घरात हे एकदाच, सांगण्याच्या सुरात सांगावे. विचारण्याच्या सुरात सांगितले की मते येतात आणि मग प्रत्येक मताला उत्तर देत बसावे लागते. कार्यालयात तर सांगूच नका. कोणी विचारले तर ‘रंग सोसेना’ एवढे पुरे. आजाराचे कारण आपल्याकडे कोणी खोदत नाही, आणि तुमच्या बाबतीत ते बहुधा खरेही आहे.

नवे केस हाताला थोडे कोरडे, राठ लागतील; वयानुसार त्वचेतले तेल कमी होते, हे त्याचे एक कारण. पन्नाशीच्या आसपास, पाळी थांबण्याच्या सुमारास, केस विरळही होतात. त्याचा दोष रंग थांबवण्याला देऊ नका. पांढऱ्या केसांवर पिवळेपणा चटकन चढतो. बोअरवेलच्या पाण्यातील लोह, कडक ऊन, गडद रंगाची वनौषधी तेले आणि लोखंडी कढईत भिजवलेला आवळा यांनी तो वाढतो. तेल लावायचे तर स्वच्छ खोबरेल लावा, शेवटचा तांब्या शक्य तर गाळलेल्या पाण्याचा घ्या, आणि आठ-दहा दिवसांतून एकदा जांभळा शांपू वापरा. जांभळा रंग पिवळ्याला मारतो. रोज वापरलात तर मात्र केसांवर लव्हेंडरची झाक येईल आणि मग मुलीच्या तक्रारीत तथ्य असेल.

याच प्रश्नाने मला लिहिणाऱ्या पुरुष वाचकांसाठी : तुमचे केस आखूड असल्याने सगळे तीन-चार महिन्यांत आटोपते, मिशी सर्वांत आधी मोकळी करा, कारण तिथला रंग ओठांजवळ असतो. विशी-पंचविशीतच केस पिकू लागलेल्या तरुण वाचकांनी मात्र रंगाआधी रक्त तपासून घ्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी मंडळींत वारंवार आढळते, आणि थायरॉइडचे विकार ही त्यामागची दोन तपासण्याजोगी कारणे आहेत.

ताई, शेवटचे काम लग्नघरातलेच आहे आणि ते विसरू नका. मेंदीच्या दिवशी हातावर पटकन चढणारी, काळी रेघ काढणारी कोन आणतात, त्यात हेच पीपीडी मिसळलेले असू शकते. ज्याला केसांच्या रंगाची ॲलर्जी आहे, त्याच्या हातावर तिने फोड येतात. मेंदीवाल्या बाईंना आगाऊ सांगून ठेवा की घरी भिजवलेल्या पानांच्या मेंदीचीच कोन हवी, आणि ती तुमच्याबरोबर नवरीच्याही हातावर तीच लावायची. रंग चढायला रात्र लागेल, म्हणून मेंदीचा कार्यक्रम हळदीच्या आदल्या दिवशी ठेवा.